ढगाळ दिवसाची वाफ

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. आधी म्हणायचो, मिलचं नाव जाईल. मग म्हणायचो, मुलींची लग्नं व्हायची आहेत. लग्नं झाली, नातवंडं झाली, तेव्हा म्हटलं, एवढी जुनी गोष्ट आता कोण विचारतो. एका माणसाला ती विचारायची होती आणि त्याने ती विचारलीही. तो माणूस, दिगांबर धोटे, मागच्या महिन्यात आंजीला आपल्या घरी वारला.

बातमी मला फोनवरच्या एका ग्रुपवर कळली. समुद्रपुरातले व्यापारी, मास्तर, निवृत्त कारकून, सगळे त्या ग्रुपवर आहेत. मी नालवाडीच्या घरी आंघोळ करून बसलो होतो. दिगूचा फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि मग जोडलेल्या हातांची रांग लागली. याच ग्रुपवर एकदा एका धुराड्याचा फोटो आला होता आणि त्याखाली हसणाऱ्या तोंडांची अशीच रांग लागली होती. माणसं तीच. त्यांनी बोटं तेवढी दुसऱ्या चित्रावर ठेवली. पुढे वर्ध्यात शोकसभा झाली. जो गृहस्थ एसटी स्टँडवर दिगूला पाहून मोठ्याने टोमणा मारायचा, त्यानेच माईक धरून त्याला ‘काळाच्या पुढे चालणारा ऋषी’ म्हटलं. मी व्यासपीठावर होतो. मला राग आला, पण मी उठून काय बोललो? ‘जवळचा मित्र गेला’, एवढं म्हणून खाली बसलो. सभेनंतर या पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं, तुम्ही जवळचे, काही हृद्य आठवणी लिहा. लिहितो. हृद्य होतील असं वाटत नाही.

दिगू समुद्रपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. घर आंजीचं, भाजीपाल्याची शेती भावांकडे, दारात म्हशी. समुद्रपुरात तो खोली करून राहायचा आणि शनिवारी घरी जाताना आमच्या तेलाच्या मिलमधून म्हशींसाठी ढेपीचं, म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्याचं, पोतं न्यायचा. ते पोतं एसटीत कुठे ठेवायचं यावरून त्याचं दर शनिवारी कंडक्टरशी भांडण व्हायचं, आणि दर शनिवारी पोतं ड्रायव्हरच्या मागेच जायचं. उंच, किडकिडीत, आवाज मात्र भोंग्यासारखा. नम्र वगैरे अजिबात नव्हता. आपण बरोबर आहोत हे समोरच्याला पटेपर्यंत तो उठायचा नाही, पटलं तरी उठायचा नाही. माझे दोन पाने आणि एक ग्राइंडर त्याने नेले, ते कधी परत आले नाहीत. लग्नाच्या पंगतीत वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर ठेवून जेवणारा मी दुसरा माणूस पाहिला नाही.

आमची मिल जवस आणि सरकीची. एका शनिवारी दिगूने ढेपीचा तुकडा फोडला, माझ्या टेबलावरच्या वर्तमानपत्रावर दाबला आणि उचलला. कागदावर तेलाचा डाग पसरला. म्हणाला, “पाह्य. तुह्यं तेल माही म्हैस खाऊन राह्यली. ती लठ्ठ झाली, तू वाळला.” मी म्हटलं, सगळ्यांच्याच ढेपीत राहतं थोडं. तो म्हणाला, सगळे मूर्ख असले म्हणजे तूही असलाच पाहिजे का. मग त्याने मला तासभर शिकवलं. तेलबी पिळण्याआधी आम्ही ती वाफेने शिजवतो. दाणा सारखा गरम आणि सारखा ओलसर झाला, की त्याच्यातलं तेल मोकळं होतं आणि पिळताना सुटून येतं. आमचा बॉयलर पऱ्हाट्यांवर चालायचा. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती पऱ्हाटी, स्वस्त आणि भरपूर. पण ती भडकन पेटते आणि लगेच बसते. भडकली की दाणा करपतो, बसली की कच्चा राहतो. “तुले जास्त वाफ नाई पाह्यजे,” दिगू म्हणाला, “एकसारखी पाह्यजे. आन् उन्हाळ्यात आपल्याकडं एकसारखं काय असते? ऊन.”

मी हसलो. दोन उन्हाळे त्याने माझं डोकं खाल्लं. शेवटी मिलमागच्या रिकाम्या जागेत लोखंडी सळ्यांच्या मोठमोठ्या तबकड्या उभ्या राहिल्या. आरशांचे तुकडे त्याने वर्ध्यातल्या काचवाल्यांकडून गोळा केले, सुट्टीत बसून एकेक चिकटवला. प्रत्येक तबकडीने गोळा केलेलं ऊन तिच्यासमोरच्या काळ्या डब्यावर पडायचं, डब्यातल्या पाण्याची वाफ व्हायची आणि ती पाइपातून शिजवणीच्या भांड्याला जायची. प्रत्येक तबकडीच्या मधोमध त्याने एक लांब खिळा उभा केला होता. खिळ्याची सावली दिसली म्हणजे तबकडी सूर्याकडे नाही. सावली खिळ्यातच जिरली, म्हणजे बरोबर. दिवसभर कोणीतरी फिरून सावल्या पाहायच्या आणि तबकड्या बोटभर वळवायच्या. आमचा बॉयलरवाला शेषराव, ज्याचा जन्म आगीपुढे गेला होता, तो या कामात इतका रमला की जेवताजेवता उठून सावली पाहून यायचा. गमतीने म्हणायचा, “आता मले सूर्याची डूटी लागली, शेठ.”

आणि हे चाललं. आज लोक त्याला अयशस्वी प्रयोग म्हणतात, म्हणून मिलमालक म्हणून मी लिहून देतो की हे चाललं. चैत्र-वैशाखात आमच्या भांड्यासाठी एक काडी जळली नाही. दाणा करपायचा थांबला, तेलाचा जळका वास गेला, ढेप कोरडी यायला लागली. दिगूने पुन्हा माझ्या टेबलावर ढेप दाबली आणि कोरा कागद माझ्या तोंडासमोर नाचवला. मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी मी त्याच्या म्हशीची माफी मागितली. म्हशीची माफी मला सहज मागता आली, हे आज आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो.

चूक त्याचीही होती, ती लपवत नाही. त्याला बढाई आवडायची. त्याने स्वतः निळा रंग आणून मिलच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘इथे एकही पऱ्हाटी जळत नाही.’ मी म्हटलं होतं, पावसाळा आहे, ढग आहेत, बॉयलर ठेवू, त्या दिवशी तो पेटवू, त्यात लाज कसली. तो ऐकेना. ढगाळ दिवशी पिळणी बंद, त्या दिवशी यंत्रं पुसायची. एवढंच कबूल केलं की जुना बॉयलर मोडायचा नाही, त्याचा पाइप जागेवर राहू द्यायचा. ऊन नसेल तेव्हा आग, असं साधं फाटकावर लिहिलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पुढच्या फाल्गुनात नागपूरहून एक समिती पाहायला येणार ठरली. त्यांना पटलं तर जिल्ह्यातल्या इतर मिलांमध्येही अशा तबकड्या लावायला मदत मिळणार होती. मी मांडव घातला. सोयरे, व्यापारी, गावातली चार मोठी माणसं बोलावली. वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी, सगळी तयारी. आदल्या दिवसापर्यंत ऊन होतं. त्या दिवशी उजाडलं ते आभाळ भरूनच, पहाटे भुरभुर पाऊसही होऊन गेलेला. दिगू आला, वर पाहिलं, एका खिळ्याला टिचकी मारली आणि म्हणाला, “आज नाई होत. त्याईले सांगून टाकू. जुनी ढेप, नवी ढेप दाखवू, जेवू घालू, आन् म्हणू उद्या या. सूर्य काही आपल्या बापाचा नौकर नाई.” तो हे हसत म्हणाला. त्याला त्यात काहीच कमीपणा वाटत नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे.

पण आम्ही पिढीजात दुकानदार. ‘आज नाही’ हे शब्द आमच्या घरात कोणाच्या जिभेवर येत नाहीत. दुकानात माल नसला तर माझे वडील गिऱ्हाइकाला म्हणायचे, बसा, आत्ता येतोच आहे, आणि मागच्या दाराने माणूस शेजारच्या दुकानात पळवायचे. मी तेच पाहत वाढलो. मांडवात माणसं बसली, गाड्या फाटकाशी आल्या, आणि मी मागच्या दाराने गेलो. शेषरावला म्हटलं, बॉयलर पेटव. तो माझ्याकडे पाहतच राहिला. “सरले विचारलं का?” मी म्हटलं, मिल कोणाची आहे? चांगला भरून पेटव, कोरड्या पऱ्हाट्या घे म्हणजे धूर होणार नाही. कोरड्या पऱ्हाट्या कुठून येणार, पहाटे पाऊस झालेला. हे त्याला कळत होतं. मला ऐकायचं नव्हतं.

दिगू समितीला भांड्यापाशी घेऊन उभा होता. आज वाफ का नाही हे समजावत होता, अगदी वर्गात शिकवावं तसं. बोलता बोलता त्याची नजर वाफेच्या काट्यावर गेली. काटा हलला. तो थांबला. काटा आणखी चढला. त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, पुन्हा वर केला. भांडं फुरफुरायला लागलं. त्याने समितीतल्या माणसांना बाजूला सारत मला हाक मारली, “वसंता, पाह्य बे… काटा चढून राह्यला.” मग त्यांच्याकडे वळून म्हणाला, “साहेब, हे ढगातून आहे. मला वाटलं नव्हतं… पण ढगातूनही येतंय.” लहान मुलाला जत्रेत दिसावं तसं त्याला काहीतरी दिसलं होतं. तो तोंड माझ्याकडे करून हसत होता, आणि मी मान डोलावली. हो, मी मान डोलावली. तो क्षण मी कधीच कोणाला सांगितलेला नाही. बाकी सगळ्याला काही ना काही कारण देता येईल, या मान डोलावण्याला नाही.

समितीतले एक जण बाहेर तबकड्यांचा फोटो काढायला गेले आणि त्यांना धूर दिसला. काळा, ओल्या पऱ्हाट्यांचा, जाड. त्यांनी नेमका फाटकासकट फोटो काढला. खाली निळ्या अक्षरांत ‘इथे एकही पऱ्हाटी जळत नाही’, वर धुराडं. सगळे बाहेर आले. दिगू धुराकडे पाहत उभा. कोणीतरी विचारलं, बॉयलर कोणी पेटवला? शेषराव दाराशी आला होता, हात काळे. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मांडवातली खुर्ची सरळ करत होतो. तो म्हणाला, “चाय ठेवला होता साहेब. पावण्यांसाठी.”

बॉयलरवर चहा. हशा पिकला. समितीतले हसले, व्यापारी हसले, आणि मीही हसलो. माझंच हसणं सगळ्यांत मोठं असावं. दिगू शेषरावजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, “शेषराव, खरं सांग.” शेषराव म्हणाला, “चायच होता सर.” दिगूने मान हलवली आणि समितीला सांगितलं की यंत्र माझं आहे, जबाबदारी माझी. समिती न जेवता गेली. बुंदी दुसऱ्या दिवशी मजुरांना वाटली.

त्या दिवसानंतर दिगूचं नाव ‘चायवाले सर’ पडलं. एसटीत, बाजारात, शाळेच्या फाटकापाशी. “सर, चाय ठेवला का?” म्हणणारे सगळे वाईट नव्हते, काहींना त्यामागचं ठाऊकही नव्हतं, नुसता एक टोमणा हाताशी होता. स्टँडवरच्या टपरीवर दिवसातून चारदा चहा पिणारा माणूस, त्याने बाहेरचा चहा सोडला. शेषरावशी बोलणं सोडलं. शेषरावने मिल सोडली. जाताना तो मला काही बोलला नाही आणि मीही त्याला थांब म्हटलं नाही. उन्हाळा आला तेव्हा मी म्हणू शकलो असतो की चला, ऊन आहे, पुन्हा सुरू करू. मी तबकड्या भंगारात दिल्या. कारण त्या उभ्या असेपर्यंत मला मिलच्या मागच्या बाजूला जाता येत नव्हतं. दिगू टेम्पो घेऊन आला आणि त्यातली एक आंजीला घेऊन गेला. बाकीच्यांकडे त्याने पाहिलंही नाही. आता माझ्या मिलच्या छपरावर सौर पॅनल आहेत, तयार, विकत आणलेली, आणि दूरदृष्टीचा उद्योजक म्हणून माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. ते नारळ मी कोणत्या तोंडाने घेतले, हे कोणी विचारत नाही.

इथवर गोष्ट असती तर ती एका भित्र्या दुकानदाराची आणि एका बदनाम मास्तरची झाली असती. पण मी काय करून ठेवलं होतं ते मला पुढे कळलं. दिगू निवृत्त होऊन आंजीला गेला होता. एका श्रावणात मी त्याच्याकडे गेलो. आभाळ भरलेलं, भुरभुर चालू. अंगणात त्याची ती तबकडी, तिच्या डब्यावर पाण्याचं पातेलं, आणि दिगू छत्री धरून समोर स्टुलावर बसलेला. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, “बस. तुले सांगायचंच होतं.” आणि जे सांगितलं ते असं. चहापुरती आग म्हणजे दोन मूठ पऱ्हाट्या. तेवढ्या आगीने तो काटा तिथवर चढूच शकत नाही, हे त्याने पुन्हापुन्हा मांडून पाहिलं होतं. मग बाकीची वाफ आली कुठून? “ढगातून, वसंता. त्या दिवशी आरशाईत काहीतरी असं जुळलं होतं, जे मले आता जुळवता येऊन नाई राह्यलं. लोक हसले म्हणून काय झालं? काटा तर म्या माह्या डोळ्यानं पाह्यला.”

त्याचा हिशेब बरोबर होता. अगदी बरोबर. फक्त आग चहाची नव्हती. शेषरावने मला वाचवायला सांगितलेली एक थाप, आणि विज्ञान शिकवणारा हा माणूस ती खरी मानून तिच्यावर गणित मांडत बसला होता. लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवायची त्याला खोड होती. तू विचार, समोरचा खरं सांगेल, असं त्याला वाटायचं. मी त्या अंगणात एक वाक्य बोललो असतो, तर तो माझ्या थोबाडीत मारून मोकळा झाला असता, आणि उन्हाच्या वाफेकडे, जी खरोखर जमली होती, तिच्याकडे परत गेला असता. मी म्हटलं, “बघ, जमतं का.” त्याने माझ्यासाठी घरात गॅसवर चहा करायला सांगितला आणि मी तो पिऊन आलो.

मग वर्षं गेली. दर ढगाळ दिवशी तो पातेलं ठेवायचा. तबकडीचा आकार बदलला, आरसे उपटून पुन्हा लावले, डबा किती वेळा काळा केला. त्याच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, आता इंजिनिअर झालेल्या, येऊन स्पष्ट सांगितलं की सर, ढगातून विखुरलेला उजेड असा एका जागी गोळा होत नाही. दिगूने त्याला घराबाहेर काढलं. हे दिगूलाच आधी माहीत असायला हवं होतं, आणि माहीत होतंच. समितीला सकाळी तो हेच तर शिकवत होता. पण त्याने काटा पाहिला होता. मी दाखवलेला काटा. त्याला वेडा म्हणणाऱ्यांचा मला अजूनही संताप येतो, कारण तो वेडा नव्हता. त्याच्या हातात खोटी वस्तू दिली गेली होती आणि तो ती इमानदारीने तपासत होता.

मी त्याच्यावरही रागावलो आहे. त्याने मला कधीच सरळ का विचारलं नाही, की वसंता, तूच ना? इतका हुशार माणूस, मिलचा मालक समोर, आणि संशय फक्त शेषरावच्या चहावर? कधी वाटतं, त्याला कळलं होतं आणि तो माझी वाट पाहत होता. मग वाटतं, नाही, तो मला मित्र समजत होता, एवढंच. दोन्हींपैकी कोणतंही खरं असलं तरी मला सुटका नाही.

शेवटी वर्ध्याच्या दवाखान्यात होता. पाय सुजलेले, आवाज बसलेला. तो भोंगा बसलेला ऐकणं मला सहन होईना. मी या वेळी ठरवून गेलो होतो, वाटेत वाक्यंही जुळवली होती. वहिनी, म्हणजे दिगूची बायको, औषधं आणायला खाली गेल्या. दिगूने डोळे उघडले, मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, “एक सांग. शेषरावनं त्या दिवशी किती पऱ्हाट्या घातल्या असतील?”

मी म्हटलं, मला काय माहीत.

“अंदाज सांग बे. आग लहान होती का मोठी? एवढंच पाह्यजे मले.”

खरं सांगायचं दार समोर येऊन उभं राहिलं होतं, उघडं. मी म्हणालो, “लहानच असंल, दिगू.”

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, “मंग बरोबर आहे माहं.” चेहऱ्यावर समाधान होतं. मी स्वतःला सांगितलं, मरणाऱ्या माणसाला कशाला दुखवायचं, ही दयाच आहे. दया नव्हती ती. मी त्याच्याकडून शिवी खायला घाबरलो, एवढीच गोष्ट आहे. दवाखान्याच्या जिन्यात मला हलकं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

दिगू गेल्यावर मी शेषरावकडे गेलो. समुद्रपुरातच मुलाकडे राहतो, डोळे अधू झालेत. म्हटलं, मी सगळं लिहिणार आहे, तुझं नाव घेऊ का? तो म्हणाला, “सर माह्याशी मरेपर्यंत नाई बोलले, शेठ. म्या तुमचं मीठ खाल्लं म्हून चाय म्हणलो. मले वाटलं, संध्याकाळी शेठ स्वतःच सांगतीन. म्या वाट पाह्यली.” मी म्हटलं, आता सांगतो. “आता?” तो हसला. “घ्या नाव. आन् मी मेल्यावर माह्यावरही लेख येईन का असाच?” त्याच्या सुनेने चहा आणला होता. त्याने तिला तो परत न्यायला सांगितलं.

शेषरावला तसं म्हटलं खरं, पण तेरवी झाल्यावर मी आंजीला गेलो तेव्हाही छापायचं नक्की ठरलं नव्हतं. वाटलं होतं, वहिनींना तेवढं सांगावं. मी बसलो तर त्याच बोलायला लागल्या. दवाखान्यातून आणलं तेव्हा ते फार खुशीत होते म्हणाल्या. “भाऊजी, ते म्हणे, वसंतानं सांगितलं, आग लहानच होती, आता कोडं सुटल्यासारखंच आहे. मंजूले सांगून गेले, तबकडी भंगारात देऊ नको, तू पूर्ण कर.” मंजूषा, त्यांची मुलगी, पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. बापासारखीच हट्टी. वडिलांसाठी ती आता लांब रजा काढून येणार आहे, ढगाळ दिवसांची वाफ शोधायला. म्हणजे माझी थाप आता तिच्या आयुष्यात जाणार होती. तेव्हा मी वहिनींना सांगितलं, एका दमात, मान खाली घालून. शेवटी म्हटलं, मंजूलाही मीच सांगेन.

वहिनींनी ना आवाज चढवला, ना त्या रडल्या. एवढंच म्हणाल्या, “मंग हे त्याईले काऊन नाई सांगितलं, भाऊजी?” आणि उठून आत गेल्या. मला कोणी थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

मंजू, बेटा, तुला फोन करायचा मी तीनदा प्रयत्न केला आणि तीनदा नुसती तब्येत विचारून ठेवून दिला. म्हणून हे छापून सांगतो, म्हणजे मला परत फिरता येणार नाही. ढगातून काहीही आलं नव्हतं. त्यात तुझं एक वर्षही घालू नकोस. पण उन्हातून जे आलं होतं ते खरं होतं. तुझ्या बापाने एक काडी न जाळता एकसारखी वाफ दिली, आमचं तेल वाढलं, ढेप कोरडी आली, आणि ते मी माझ्या हाताने मोडलं. करायचं असेल तर ते पुढे कर. माझी मिल, मागची जागा, तुला हवी तेव्हा मोकळी आहे. तू माझं तोंड पाहायला नकार दिलास तरी मोकळी आहे.

त्या दिवशी आंजीहून निघताना अंगणात तबकडीपाशी थांबलो. आभाळ आलेलं होतं. कोणीतरी, बहुतेक वहिनींनीच, सवयीने डब्यावर पातेलं ठेवलं होतं, पाण्याने भरलेलं. मधल्या खिळ्याला सावली नव्हती, पण ढगाळ दिवशी ती कुठेच नसते. मी पातेल्याला हात लावला. पाणी गार होतं. हाताला लागलं तेव्हा ते वाक्य तोंडात आलं, दवाखान्यात जे यायला हवं होतं ते, आणि अंगणात ऐकायला कोणी नव्हतं…

दिगू, आग मोठी होती. मीच लावायला सांगितली होती.